शेजारच्या वर्गाचे दार

कुकडीकाठचे आमचे ओझर विघ्नहराच्या देवळामुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. पण जुन्नर भागात द्राक्षबागाही आहेत. ऑक्टोबरात फळछाटणी आली की नवा मजूर अनुभवी माणसाच्या शेजारच्या ओळीत उभा राहतो. काडीवर किती डोळे ठेवायचे, कात्री कुठे लावायची, हे त्याला भाषण देऊन कोणी सांगत नाही. शेजारचा हात थांबवतो, दाखवतो आणि पुन्हा करायला लावतो. काप चुकला तर त्या काडीचा घड गेला, हे दोघांनाही ठाऊक असते.

आम्हा शिक्षकांचे मात्र उलटे असते. वर्गाचे दार लावले की ज्याचा तो एकटा. आमच्या या सवयीने एका सहकारी भगिनीचे आणि तिच्या मुलांचे किती नुकसान झाले, ते आज प्रांजळपणे सांगतो.

त्या शिक्षणसेवक म्हणून नव्याने आल्या होत्या. स्वतः उर्दू माध्यमात शिकलेल्या, आणि वाट्याला आला चौथीचा मराठीचा तास. एकदा त्यांच्या फळ्यावर ‘पाणी आला’ असे लिहिलेले आम्ही पाहिले आणि मधल्या सुट्टीत सर्वांसमोर ती चूक दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गाचे दार बंद राहू लागले. महिन्याने मुलांच्या वह्या हाती आल्या. ‘पाणी आला’, ‘घर मोठा आहे’, ‘पुस्तक दिली’. चूक होती तिथेच होती. आमच्या बोलण्याने फक्त दार बंद झाले होते.

वास्तविक यात गुन्हा काय होता? उर्दूत दोनच लिंगे. घर आणि पाणी पुल्लिंगी, किताब स्त्रीलिंगी. मराठीत ही तिन्ही नपुंसकलिंगी. मूल घरची भाषाच मराठीत आणते.

आम्ही त्यांची माफी मागितली आणि म्हटले, “आधी तुम्ही आमचा तास बघा.” त्या मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर संकोचत म्हणाल्या, “आपा, आपण प्रश्न विचारता आणि उत्तरही आपणच देता. मागच्या मुली तोंडच उघडत नाहीत.” वीस वर्षांच्या नोकरीत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते!

मग आम्ही त्यांच्या तासाला बसलो. दोघींनी मिळून ‘तो, ती, ते’ असे तीन रकाने आखले आणि प्रत्येक मराठी शब्दाशेजारी उर्दू शब्द लिहिला. आठवड्यातून एक तास एकमेकींकडे, एवढाच नेम. सहामाहीपर्यंत मुलेच एकमेकांना टोकू लागली, “ ‘पाणी आला’ नाही, ‘पाणी आले’!” आमच्या वर्गातल्या मागच्या मुलीही आता बोलतात.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1980 च्या सुमारास हेच मांडले. व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाला माहिती मिळते, पण ती वर्गात उतरायला सहकाऱ्याची सोबत लागते. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात आणि नंतर चर्चा करतात. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. त्यातले काही तास शेजारच्या वर्गात गेले तर प्रवासखर्चही वाचेल.

आणि आपल्याला उदाहरण दूरचे कशाला हवे? 1856 साली माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची आठवण आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, असा भरवसा त्यात दिसतो. असा भरवसा बरोबरीने काम केल्याशिवाय येत नाही.

शाळा असो, दवाखाना असो वा दुकान, चार पथ्ये पाळावीत. समोरच्याची परवानगी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. चारचौघांत किंवा मुलांसमोर कधीच सांगू नये. आणि आधी आपले काम त्याला पाहू द्यावे. ही तपासणी नव्हे, त्यामुळे त्यातले काहीही साहेबांच्या कानावर जाता कामा नये.

यंदा शाळेत गणिताला नवे शिक्षक आले आहेत. परवा पाहिले तर आमच्या त्या भगिनी त्यांना म्हणत होत्या, “सर, आधी माझा तास बघायला या.”