खोली लहान, वाडी मोठी

आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट. गिरगावच्या नावांत अजून बागा आहेत, जमिनीवर मात्र शंभर वर्षांहून जुन्या चाळी. इथं वाढलेली माणसं आज बोरिवलीत, डोंबिवलीत, ठाण्यात राहतात. तरी ‘तुम्ही कुठले?’ असं कुणी विचारलं, की कोकणातल्या गावाआधी त्यांच्या तोंडी वाडीचं नाव येतं.

याचं कारण खोलीच्या आकारात आहे. एका खोलीत सात-आठ माणसं राहायची, त्यामुळे बाकीचं आयुष्य आपोआप गॅलरीत आलं. अभ्यास, कॅरम, पापडाची वाळवण, उन्हाळ्यातली झोप, सगळं तिथंच. दारं दिवसभर उघडी असायची. मूल कुणाकडे जेवलं याची चौकशी रात्रीच व्हायची.

हे सगळं गोड नव्हतं. सामायिक नळाचं पाणी पहाटे यायचं आणि ते भरायला बायकाच उठायच्या. संडासासमोर रांग असायची. नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला चौपाटी गाठावी लागे. चाळीच्या आठवणी पुरुषांनी जास्त लिहिल्या, म्हणून त्यांत गप्पांचे फड आहेत आणि हंडे-कळशा कमी.

पण घरात जागा नसलेल्या या माणसांनी बाहेर केवढं उभं केलं! १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये खुद्द टिळक तिथं येऊन गेले. उत्सव आजही चालू आहे. मूर्ती लहानच असते आणि विसर्जनाला पालखीतून जाते. एवढ्या वर्षांत तिची उंची वाढवण्याचा मोह चाळीला झाला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो इथल्याच कोरोनेशन थिएटरात. ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत लहानगा कुमार गंधर्व शिकला. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. केळेवाडीतलं त्याचं नाट्यगृह डॉ. अ. ना. भालेरावांच्या नावानं ओळखलं जातं.

मग लोक का गेले? मुलं मोठी झाली, खोली तेवढीच राहिली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला छप्पर टिकवता आलं, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. जिने डुगडुगू लागले, गॅलऱ्यांना टेकू लागले. पागडीची खोली विकून उपनगरात स्वतःचा ब्लॉक घेणं हाच अनेकांना शहाणपणा वाटला, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

गुढीपाडव्याला यातले कितीतरी जण सकाळच्या लोकलनं परत येतात. फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते, आणि वाड्यांच्या तोंडाशी उभे असलेले जुने शेजारी एकमेकांना शाळेतल्या टोपणनावांनी हाका मारतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ चं गिरगाव स्थानक सुरू झालं. त्यासाठी ज्यांच्या इमारती पाडल्या, त्या रहिवाशांना गिरगावातच घरं द्यायचं ठरलेलं आहे. ती त्यांची म्हातारी माणसं असेपर्यंत मिळायला हवीत. त्यांतल्या आजींना शेजार हवा आहे, आणि तो उपनगरात नव्यानं जमवण्याचं त्यांचं वय राहिलेलं नाही.