बोजोलेची वाइन परवडते कशी? फ्रान्समधील घरच्या बागेचे गणित

फ्रेंच वाइन म्हटले की महागडी बाटली डोळ्यांसमोर येते. पण लिऑन शहराच्या उत्तरेला असलेल्या बोजोले भागात लहान बागायतदार कुटुंबे पिढ्यानपिढ्या परवडणारी वाइन तयार करत आली आहेत. ती कमी दरात देणे त्यांना कसे जमते, हे वाइन द्राक्षाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने समजून घ्यावे.

उत्तर भरघोस उत्पादनात नाही. साध्या बोजोले वाइनसाठी हेक्टरी सुमारे 60 हेक्टोलिटरची मर्यादा आहे. एक लिटरला साधारण 1.3 किलो द्राक्षे धरली, तर एकरी तीन-सव्वातीन टनच माल होतो. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्याला हा आकडा खटकेलच. जात एकच, गामे. जुन्या बागांत वेली मांडवावर नसतात. छाटणी करून त्या बुटक्या, पेल्याच्या आकाराच्या ठेवतात. तोडणी बहुतांशी हाताने, म्हणजे मजुरीही कमी नाही.

बचत होते ती तळघरात. घड न चुरडता, देठासकट टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मण्याच्या आतच किण्वन सुरू होते. रंग व फळाचा स्वाद उतरतो, पण तुरटपणा कमी राहतो. त्यामुळे ही वाइन ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवावी लागत नाही. पिंपांचा खर्च वाचतो, भांडवलही अडकून पडत नाही. 'बोजोले नुव्हो' तर त्याच हंगामाची वाइन. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. तोडणीनंतर दोन-तीन महिन्यांत पैसा हाती!

याच सोयीने पुढे अडचण केली. सगळ्यांनीच नुव्होवर भर दिला, दर्जा सैल झाला, मागणी घटली. 2001 च्या सुमारास न खपलेली बरीच वाइन ऊर्ध्वपातनाला द्यावी लागली. तुलनेने टिकले ते मोर्गाँ, फ्लरी यांसारख्या दहा नामांकित क्षेत्रांतले, स्वतःच्या नावाने बाटली भरणारे उत्पादक. त्यांची वाइन शेजारच्या बर्गंडीपेक्षा आजही बरीच स्वस्त मिळते.

आपल्याकडे गणित वेगळे आहे. बहुतेक शेतकरी वाइन करत नाहीत, वायनरीला द्राक्षे देतात. 2008 नंतरच्या मंदीत नाशिक भागात अनेकांना वाइन द्राक्षाच्या बागा काढाव्या लागल्या, कारण शिराझ किंवा कॅबरने सॉव्हिन्याँचे बारीक, बियांचे मणी खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. म्हणून कलमे लावण्याआधी वायनरीशी लेखी करार करा. दर कोणत्या ब्रिक्सला, एकरी टनांची मर्यादा किती, माल नाकारण्याची कारणे कोणती आणि पैसे किती दिवसांत, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. मुदत किमान बाग फळाला येऊन लागवडीचा खर्च निघेपर्यंतची असावी. एक-दोन वर्षांच्या करारावर वाइन जात लावू नका.