मिश्रीची नोंद कोण ठेवणार?

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते 1950 साली ब्रिटन-अमेरिकेतल्या संशोधकांनी आकड्यांनिशी मांडले. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र बायका भाजलेल्या तंबाखूची भुकटी, म्हणजे मिश्री, दातांना घासत होत्या आणि पुरुष बिडी ओढत, तंबाखू-चुना मळत होते. या सवयी माणसाचे काय करतात, हे लंडनच्या इस्पितळांतल्या नोंदींवरून समजणे शक्य नव्हते. त्यासाठी इथल्याच वाड्या-वस्त्या पालथ्या घालायला हव्या होत्या.

ते काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने हाती घेतले. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडे तपासली. कर्करोगाआधी दिसणारे पांढरे चट्टे मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांच्याच तोंडात सापडले. डेन्मार्कचे तोंडरोगतज्ज्ञ जेन्स पिंडबोर्ग या संशोधनात सोबत होते, अमेरिकेचा निधीही होता; पण प्रश्न इथले होते आणि माणसे इथे तयार झाली, हे महत्त्वाचे. याच विभागाने पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या सुमारे 36,000 तंबाखू वापरणाऱ्यांसोबत काम केले. नीट समजावून सांगितले तर लोक तंबाखू सोडतात आणि असे चट्टे कमी होतात, हे त्यातून पुढे आले.

या विभागात घडलेले संशोधक प्रकाश गुप्ता यांनी 1990च्या दशकात मुंबईच्या मतदार याद्या घेऊन 35 वर्षांवरील लोकांचे घरोघर सर्वेक्षण सुरू केले. माहिती थेट हातातल्या छोट्या संगणकात भरली जाई; त्या काळात हे अपूर्वच होते. 99,598 जणांच्या नोंदींतून दिसले, की 57.5 टक्के स्त्रिया तंबाखू वापरतात, आणि जवळजवळ सगळ्याच धूरविरहित. फक्त धूम्रपान विचारणाऱ्या प्रश्नावलीत या बायका ‘तंबाखूमुक्त’ ठरल्या असत्या! याच लोकांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा आणखी एक समज कोसळला. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूचा धोका 1.37 पट, तर बिडी ओढणाऱ्यांचा 1.64 पट निघाला. गरिबाची बिडी सौम्य नव्हती.

जगातले सुमारे 80 टक्के तंबाखू वापरणारे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तिथल्या सरकारांना स्वतःचे आकडे लागतात, कारण कर वाढवायचे म्हटले की महसूल बुडेल, रोजगार जातील, अशी ओरड तंबाखू कंपन्या करतात. दक्षिण आफ्रिकेत 1990च्या दशकात केप टाउन विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी देशातल्याच आकडेवारीवर हे दावे तपासले. सरकारने कर वाढवत नेला. दशकभरात सिगारेटचा खप सुमारे एक-तृतीयांशाने उतरला, आणि महसूल बुडाला नाही, उलट वाढला.

2005 साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम 20मध्ये संशोधन आणि संशोधकांचे प्रशिक्षण ही सदस्य देशांची जबाबदारी मानली आहे. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राने 2002च्या सुमारास यासाठी अनुदाने सुरू केली होती. त्यांतल्या एका प्रकल्पात तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था आणि इंडोनेशियातल्या योग्यकार्ताचे गाजा माडा विद्यापीठ यांनी तंबाखू सोडवण्याचे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणण्यावर काम केले. रुग्णाला तंबाखूविषयी विचारायलाच न शिकलेला डॉक्टर सल्ला तरी काय देणार?

अशी क्षमता एका अनुदानात उभी राहत नाही. मेहतांच्या सर्वेक्षणापासून मुंबईतल्या मोठ्या पाहणीपर्यंत दोन दशकांहून जास्त काळ गेला. तेवढा काळ माणसे टिकावी लागतात, पगार मिळावे लागतात, आणि ते पैसे तंबाखू उद्योगाचे नसावे लागतात.

पुढे प्रकाश गुप्ता यांच्या नवी मुंबईतल्या हीलिस संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांसोबत बिहारमधल्या 72 शाळांत शिक्षकांसाठी तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम राबवून पाहिला. गावात ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्यापासूनच सुरुवात. उपक्रम संपताच, महिनाभर तंबाखूला हात न लावलेल्यांचे प्रमाण 50 टक्के होते; कार्यक्रम नसलेल्या शाळांत 15. नऊ महिन्यांनी कसोटी आणखी कडक लावली. तेव्हा सलग सहा महिने दूर राहिलेले 19 टक्के आढळले, दुसरीकडे 7. बाकीचे शिक्षक तंबाखूपासून दूर का राहू शकले नाहीत, हे शोधायलाही खैनी (चुना घालून मळलेला तंबाखू) आणि बिहारच्या शाळा ओळखणारेच संशोधक लागतील.