हातांनी सोडवायचे कोडे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८१ पासून दरवर्षी जानेवारीत 'मिस्टरी हंट' हा सांघिक कोड्यांचा खेळ होतो. जिंकणारा संघ पुढच्या वर्षीची कोडी रचतो. कोडे रचणे हीही एक कसोटीच आहे.

एका सहलीसाठी मी कागदावरचे कोडे केले होते. एका हुशार मुलाने ते सोडविले. बाकीचे सातजण पाहत राहिले. चूक माझी होती.

उपाय मात्र जुनाच सापडला. स्पार्टाचे अधिकारी सेनापतीला गुप्त निरोप कसा पाठवीत, हे ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितले आहे. काठीवर अरुंद पट्टी कडेला कड लावून गुंडाळायची, काठीच्या लांबीने मजकूर लिहायचा व पट्टी सोडायची. तेवढ्याच जाडीच्या काठीवर तो पुन्हा जुळतो.

आठजणांसाठी वेगवेगळ्या जाडीच्या चार काठ्या घ्याव्यात. चार पट्ट्यांवर 'जिन्याखालच्या', 'हिरव्या', 'पेटीमागे', 'शोधावे' असा एकेक शब्द लिहावा. एका वेढ्यावर एकच अक्षर, काना-मात्रेसह. जोडाक्षर तोडू नये. पट्टी सोडल्यावर मधल्या जागी इतर अक्षरे भरावीत आणि शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली ठिपका द्यावा. चौघांना काठ्या, चौघांना पट्ट्या वाटाव्यात.

आधी उत्तर माहीत नसलेल्यांकडून कोडे सोडवून घ्यावे. ते अडले तर कोडे दुरुस्त करावे, त्यांना दोष देऊ नये. आपल्यावाचून संघाचे अडते, हे कळलेले मूल मागे बसत नाही.