घशातील पिशवी आणि परत येणारा घास

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून चौविहार घेतलेल्या वृद्ध गृहस्थाने रात्री अंथरुणावर पाठ टेकावी आणि थोड्याच वेळात संध्याकाळच्या जेवणातला भाताचा कण किंवा भाजीचा तुकडा जसाच्या तसा त्याच्या तोंडात परत यावा, ही गोष्ट तो सहसा कोणाला सांगत नाही. ही उलटी नसते, कारण मळमळ झालेली नसते. हे आम्लपित्तही नसते, कारण परत आलेला घास आंबट किंवा कडू लागत नाही; जेवताना जी चव होती तीच त्याला असते. मनाला एक वेगळीच टोचणी लागते, की घेतलेला नियम मोडला तर नाही ना? हा प्रश्न साधू-साध्वींना विचारावा. मात्र घास परत का आला, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला पुष्कळदा वर्षे लागतात.

या लक्षणामागे अनेकदा घशाच्या तळाशी तयार झालेली एक पिशवी असते. वैद्यकशास्त्रात तिला झेंकर्स डायव्हर्टिक्युलम म्हणतात. घसा संपून अन्ननलिका सुरू होते त्या ठिकाणी स्नायूचा एक पट्टा असतो. एरवी तो आवळलेला राहतो आणि घास गिळताना क्षणभर सैल होऊन वाट देतो. उतारवयात हा पट्टा ताठर होतो आणि पुरेसा उघडत नाही. वरून घास ढकलला जातो, खाली दार अर्धवट उघडते आणि दाब मध्येच कोंडतो. या पट्ट्याच्या लगेच वर, घशाच्या मागच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये एक दुबळी फट असते. जुन्या टायरला चीर गेली की आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर येते, तसे घशाचे आतले अस्तर त्या फटीतून हळूहळू बाहेर येते. प्रत्येक घासागणिक ते ताणले जाते आणि काही वर्षांत त्याची पिशवी होते. बहुधा ती मानेच्या डाव्या बाजूकडे झुकते. सुरुवातीला हरभऱ्याएवढी असणारी ही पिशवी पुढे लिंबाएवढी किंवा त्याहूनही मोठी होऊ शकते. घास अन्ननलिकेत जाण्याऐवजी आधी तिच्यात पडतो.

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ब्रिस्टलचे शल्यचिकित्सक अब्राहम लडलो यांनी गिळता न येणाऱ्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन केले आणि घशाजवळच्या अशा पिशवीचे वर्णन लिहून ठेवले. पुढे १८७७ साली फ्रीडरिख आल्बर्ट फॉन झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने फॉन झीम्सेन या सहकाऱ्यासह अशा सत्तावीस रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि पिशवी आतल्या दाबामुळे तयार होते हे स्पष्ट केले. तेव्हापासून या व्याधीला झेंकरचे नाव मिळाले.

हा आजार तसा विरळ आहे. चाळिशीच्या आत तो क्वचितच दिसतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांत, त्यातही पुरुषांत, अधिक आढळतो. त्याची चाल इतकी संथ असते की रोगी नकळत त्याच्याशी जुळवून घेत जातो. पहिल्यांदा खाकरा, भाकरी, चिवडा असे कोरडे पदार्थ अडतात. मग प्रत्येक घासाबरोबर पाणी लागू लागते. जेवणाला पाऊण तास लागू लागतो. पाणी पिताना मानेतून गुडगुड असा आवाज येतो आणि तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. पिशवीत राहिलेले अन्न कुजते, तोंडाला दुर्गंधी येते आणि दात कितीही घासले तरी ती जात नाही. गादीवर बसून दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो मग खिशात बडीशेप आणि लवंग बाळगू लागतो, बोलताना तोंड किंचित फिरवतो आणि दुकानात जाणेही कमी करतो. लग्नाच्या पंगतीत बसणे तो टाळतो. घरातही सर्वांचे झाल्यावर एकट्याने जेवतो.

व्यापारी कुटुंबांतील मुला-सुनांनी येथे विशेष लक्ष द्यायला हवे. कमी जेवणे ही जैन घरात चिंतेची गोष्ट मानली जात नाही. ऊनोदरी हे तपच आहे. वयोवृद्ध आजोबा दोन पदार्थांवर भागवतात, एकासना करतात, याचे घराला कौतुक असते. त्या कौतुकाआड सहा महिन्यांत आठ किलो उतरलेले वजन लपून जाते. संयमाने कमी खाणे आणि गिळता येत नाही म्हणून कमी खाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तप करणारा पारण्याच्या दिवशी नीट जेवतो. पिशवी असलेल्याला त्या दिवशीही तितकाच त्रास होतो, उलट समोर ताट वाढलेले असल्यामुळे तो अधिक उघड होतो.

लक्षणांची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. जळजळ नसतानाही आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात. रात्री झोपेत पिशवीतले अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते, ठसका लागून जाग येते आणि खोकल्यावर औषधे सुरू होतात. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला तर दोष फुप्फुसांना दिला जातो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी वेळेवर घेऊनही आकडे आटोक्यात येत नाहीत, कारण ती पोटात न जाता पिशवीतच पडून राहिलेली असते. सकाळची गोळी दुपारी खोकल्याबरोबर बाहेर आली, असे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये. याउलट गिळायला होणारा प्रत्येक त्रास म्हणजे पिशवी, असेही नाही. काही आठवड्यांतच घन पदार्थांपासून पातळ पदार्थांपर्यंत सगळे अडू लागले, तर आधी कर्करोगाची शंका घ्यावी लागते. तंबाखू, गुटखा किंवा मद्य यांची सवय असेल तर ती शंका आणखी बळावते.

निदानाची वाट मात्र सोपी आहे. बेरियम हे पांढरे खनिज द्रव्य पाण्यात कालवून पाजतात आणि ते गिळत असतानाच क्ष-किरणांनी घशाची व अन्ननलिकेची चित्रे घेतात. पिशवी असेल तर तिच्यात बेरियम साठलेले स्पष्ट दिसते, तिचा आकार मोजता येतो आणि तिचे तोंड कोठे आहे हेही कळते. तपासणी दिवसा होते, थोड्या वेळात आटोपते आणि भूल द्यावी लागत नाही. दुर्बिणीच्या तपासणीचा मार्ग लोकांना अधिक परिचित आहे, पण या आजारात तिच्याआधी बेरियमची तपासणी व्हावी हे बरे. दुर्बिणीची नळी अन्ननलिकेऐवजी सरळ पिशवीत शिरू शकते आणि पिशवीची भिंत अतिशय पातळ असल्याने तिला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून घास तासाभराने जसाच्या तसा परत येतो, ही गोष्ट दुर्बिणीची तपासणी ठरवतानाच डॉक्टरांच्या कानावर घालावी. कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी दुर्बीण पुष्कळदा लागतेच. पण आत पिशवी आहे हे ठाऊक असलेला डॉक्टर नळी जपून नेतो. नाकातून पोटात नळी घालतानाही हीच सावधगिरी लागते. कधी कधी मानेच्या सोनोग्राफीत ही पिशवी थायरॉईडच्या गाठीसारखी दिसते आणि रुग्ण भलत्याच तपासण्यांच्या फेऱ्यात सापडतो.

अशा पिशव्या अन्ननलिकेत आणखी खालीही होतात. छातीच्या मध्यभागी होणारी पिशवी पुष्कळदा वेगळ्या कारणाने होते. शेजारच्या लसिकाग्रंथींना क्षयरोगासारख्या आजाराने सूज येऊन गेलेली असते, त्या आकसताना अन्ननलिकेची भिंत बाहेर ओढतात. ही पिशवी सहसा लहान राहते, त्रास देत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडते. तिसरी जागा श्वासपटलाच्या लगेच वर, पोटाजवळ. तेथील पिशवीमागे अन्ननलिकेच्या हालचालीतला किंवा खालच्या झडपेतला दोष असतो, म्हणून तिथे मॅनोमेट्री ही दाब मोजणारी तपासणी करतात. मूळ दोषाकडे न पाहता नुसती पिशवी काढली तर त्रास परत येतो.

घशातल्या पिशवीच्या उपचारातही हेच तत्त्व आहे. पिशवी लहान असेल आणि त्रास होत नसेल तर काहीच करावे लागत नाही. त्रास असेल तर औषधाने ती भरून येत नाही. गोळी, काढा, मानेचे व्यायाम यांवर पैसे घालवू नयेत. उपचार शस्त्रक्रियेचाच आहे आणि त्याचे मर्म पिशवीत नसून त्या ताठर स्नायूत आहे. तो स्नायू छेदून वाट मोकळी केली की दाब कोंडत नाही. पूर्वी हे काम मानेवर छेद घेऊनच होत असे. स्नायू छेदून पिशवी काढून टाकतात किंवा लहान असेल तर उलटी करून वर टाचून ठेवतात, म्हणजे तिच्यात काही साठत नाही. फार मोठ्या पिशवीसाठी किंवा ज्यांचे तोंड आणि मान पुरेशी उघडत नाही अशांसाठी ही पद्धत आजही उपयोगी आहे. पण तीत स्वरयंत्राचा मज्जातंतू जवळून जात असल्याने आवाज बसण्याचा धोका राहतो.

तोंडातून आत जाऊन हेच काम करण्याची कल्पना जुनी आहे. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक आडभिंत असते आणि तो दोषी स्नायू नेमका त्या आडभिंतीतच असतो. ती भिंत छेदली की दोन्ही पोकळ्या एक होतात आणि पिशवीत पडलेला घास अडून न राहता खाली घसरतो. अमेरिकेतील हॅरिस मोशर यांनी १९१७ साली ही शस्त्रक्रिया केली होती. परंतु एका रुग्णाला छातीच्या पोकळीत जंतुसंसर्ग होऊन मृत्यू आला आणि त्यांनी ती सोडून दिली. १९६० साली स्वीडनचे डोलमन आणि मॅटसन यांनी विद्युत्दाहाच्या साहाय्याने तिला पुन्हा जीवदान दिले. १९९३ पासून स्टेपलरचा वापर सुरू झाला. हे उपकरण भिंत कापते आणि त्याच वेळी कडांना टाचाही घालते, त्यामुळे मोशर यांना जी भीती पडली होती ती पुष्कळ कमी झाली. पुढे लवचीक दुर्बिणीतून भिंत छेदण्याची पद्धत आली, तीत अनेकदा संपूर्ण भूलही लागत नाही. अलीकडच्या काळात अस्तराखाली बोगदा करून केवळ स्नायू छेदण्याची झेड-पोएम नावाची पद्धत रूढ होत आहे. ती करणारे तज्ज्ञ मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या शहरांत आहेत.

यातील कोणती पद्धत निवडावी याचे उत्तर पिशवीच्या आकारावर, रुग्णाच्या वयावर आणि डॉक्टरांच्या हातावर अवलंबून असते. तोंडातून केलेल्या शस्त्रक्रियेत त्रास कमी आणि रुग्णालयातला मुक्काम थोडा; पण काही रुग्णांत वर्षांनंतर लक्षणे परत येतात आणि भिंत पुन्हा छेदावी लागते. मानेवरच्या शस्त्रक्रियेत परत त्रास होण्याचे प्रमाण कमी, परंतु गुंतागुंत झाल्यास ती मोठी. ऐंशी वर्षांच्या हृदयरोग्याला पहिली पद्धत पत्करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. व्यवहारात मुरलेल्या घराने येथेही दोन ठिकाणी चौकशी करावी: डॉक्टरांनी स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारण्यात अवमान नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती केव्हा थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, घरातल्या कोणी नव्हे. भूलतज्ज्ञांना पिशवीबद्दल आवर्जून सांगावे, कारण बारा तास उपाशी असलेल्या माणसाच्याही पिशवीत कालचे अन्न असू शकते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत उतरू शकते.

शस्त्रक्रियेनंतर प्रथम पाणी, मग काही दिवस पातळ आणि मऊ आहार असतो. उकळून गार केलेले पाणी, मुगाच्या डाळीचे वरचे पाणी, तांदळाची पेज, ताक, पुढे मऊ खिचडी आणि दुधीची भाजी हे सारे कंदमुळांवाचून आणि सूर्यास्ताच्या आत सहज जमते. औषधांच्या वेळाही दिवसा बसवता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. बरीच औषधे तशी बसवता येतात. खाकरा आणि चिवडा मात्र डॉक्टर सांगतील तोवर दूर ठेवावेत. पहिल्या काही दिवसांत ताप आला, छातीत किंवा पाठीत दुखू लागले, दम लागला, अथवा मानेवर सूज येऊन त्वचेखाली चुरचुर जाणवली, तर तो भिंतीतून गळती झाल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी तोंडाने काहीही न देता रुग्णाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे, सकाळ होण्याची वाट पाहू नये.