कुत्रा सूड घेत नसतो

मार्च 2020 च्या टाळेबंदीत भरलेली घरे शाळा-कचेऱ्या सुरू होताच रिकामी झाली. नंदुरबार, शहादा, तळोद्यात दर जूनमध्ये सुट्टी संपली की हेच लहान प्रमाणावर घडते. कुलूप लागताच कुत्रा भुंकतो, दार खरवडतो, घरातच लघवी करतो आणि लोक म्हणतात, ‘मुद्दाम राग काढतो.’ हा बहुधा राग नसून विरहचिंता (माणूस दूर जाताच होणारी घबराट) असते. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मूल रडते, तसेच. रागच असता तर नासधूस कुठेही, कधीही झाली असती. ती बहुतेकदा दाराशी आणि माणसे गेल्यावर थोड्याच वेळात होते.

‘मग तो अपराधी चेहरा का करतो?’ श्वानवर्तनाच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या अभ्यासात काहीही न केलेले कुत्रेही मालक रागावल्यावर तसाच चेहरा करताना दिसले. तो चेहरा कबुली नव्हे, आपल्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असतो. म्हणून मारल्याने भीतीच वाढते. उपाय सवयीचा आहे. सुट्टी संपण्याआधीपासून दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा मिनिटे बाहेर जावे आणि कुत्रा बिथरण्यापूर्वी परतावे. निघण्याआधी फिरवून आणावे, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे घरात लपवून ठेवावेत, पाणी भरून ठेवावे. तरीही तो खाणे सोडत असेल किंवा स्वतःला जखमा करत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.