टी-टेस्ट की अनोव्हा? आधी माणसं मोजा

मानसशास्त्राच्या एमएच्या प्रकल्पात हा प्रश्न हमखास येतो. प्रश्नावल्या भरून झालेल्या असतात, आकडे एक्सेलमध्ये चढलेले असतात आणि मग विद्यार्थी विचारतो, "सर, आता कोणती टेस्ट लावू?" तोवर उशीर झालेला असतो. चाचणी कोणती, हे अभ्यासाचा आराखडा आखतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. एसपीएसएसच्या मेनूत ते सापडत नाही.

माणसं तीच की वेगळी?

पहिला प्रश्न हाच. वसतिगृहात राहणारे आणि घरून येणारे विद्यार्थी यांच्या चिंतेच्या गुणांची तुलना करायची असेल, तर माणसं वेगळी. तिथे इंडिपेंडंट टी-टेस्ट. त्याच विद्यार्थ्यांचे प्राणायामाआधीचे आणि नंतरचे गुण असतील, तर पेअर्ड टी-टेस्ट. नवरा-बायको किंवा जुळी भावंडं घेतली असतील, तरी जोडी आलीच.

हा फरक किती महाग पडतो, ते टी-टेस्टच्या जन्मकथेतच दिसतं. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीतला माणूस. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध लिहिला. त्यातल्या एका उदाहरणाचे आकडे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका मनोरुग्णालयाचे होते. दहा रुग्णांना दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली आणि प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली ते नोंदलं. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास.

हे वीस आकडे वीस वेगळ्या माणसांचे समजून इंडिपेंडंट टी लावली, तर टी येतो १.८६ आणि पी ०.०७९. म्हणजे फरक सार्थ नाही, प्रकरण बंद. पण रुग्ण तेच होते. दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने १.६ तासांनी घटली, दुसऱ्याने ०.८ तासाने वाढली. सातव्याची अनुक्रमे ३.७ आणि ५.५ तासांनी वाढली. मुळात माणसामाणसांत तफावत प्रचंड, पण एकेका माणसात पाहिलं तर दहापैकी नऊ जणांना दुसरं औषध जास्त लागू पडलं आणि एकाला दोन्ही सारखीच. पेअर्ड टी नेमकं हेच पाहते: टी ४.०६, पी ०.००३. आकडे तेच, निकाल उलटा.

दोन वेगळे गट: वेल्च वापरा

साधी इंडिपेंडंट टी दोन्ही गटांतलं विखुरणं, म्हणजे प्रसरण, सारखं धरून चालते. एका गटात ६० जण, दुसऱ्यात १५ आणि नेमक्या त्या १५ जणांचे गुण जास्त विखुरलेले, असं झालं की खोटे 'सार्थ' निकाल वाढतात. वेल्चने १९४७ मध्ये यावर दुरुस्ती दिली. एसपीएसएस ती दुसऱ्या ओळीत छापतं आणि आपण पहिली ओळ उतरवून मोकळे होतो. आधी प्रसरणं सारखी आहेत का ते पाहणारी लेव्हीन टेस्ट, मग निर्णय, ही कसरतही नको. सरळ वेल्च लावा; प्रसरणं सारखी निघाली तरी नुकसान नगण्य असतं.

तीन किंवा अधिक गट

कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन शाखा असतील, तर तीन टी-टेस्ट करण्याचा मोह होतो. दर वेळी चुकण्याची शक्यता ५ टक्के. तीन स्वतंत्र चाचण्यांत एक तरी खोटा निकाल येण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते, दहा चाचण्यांत ४० टक्क्यांवर. म्हणून फिशरची अनोव्हा. ती फक्त 'कुठेतरी फरक आहे' एवढंच सांगते. कोणात आहे ते टुकीसारख्या पोस्ट-हॉक चाचणीने पाहायचं. प्रसरणं वेगळी असतील तर गेम्स-हॉवेल.

तीच माणसं तीन वेळा मोजली असतील, तर रिपीटेड मेझर्स अनोव्हा. तिथे मॉकली टेस्टशी गाठ पडते. वेळावेळांतल्या फरकांची प्रसरणं सारखी असावीत ही अट (स्फेरिसिटी) पुरी होत नाही असं ती म्हणाली, तर ग्रीनहाउस-गायसरची ओळ वाचायची.

आधी-नंतर आणि दोन गट

सर्वांत जास्त चुका इथे होतात. प्रयोगगट आणि नियंत्रित गट, दोघांचे आधीचे-नंतरचे गुण. विद्यार्थी दोन पेअर्ड टी लावतो. प्रयोगगटात पी ०.०३, नियंत्रित गटात ०.०८. निष्कर्ष: समुपदेशन परिणामकारक! हा निष्कर्ष चूक आहे, कारण दोन गटांतल्या बदलांची एकमेकांशी तुलना झालेलीच नाही. २०११ मध्ये नामवंत नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे लेख तपासले गेले, तेव्हा ही चूक होण्याजोग्या १५७ लेखांपैकी ७९ लेखांत ती सापडली. तेव्हा एमएच्या पोरांना फार बोलण्यात अर्थ नाही. बरोबर वाट म्हणजे मिक्स्ड अनोव्हातली गट आणि वेळ यांची आंतरक्रिया पाहणं. गट चिठ्ठ्या टाकून पाडले असतील तर आधीचे गुण हिशेबात धरणारी अँकोव्हा अधिक चांगली.

वितरण प्रसामान्य नसेल तर?

एवढं घाबरू नका. प्रसामान्यता प्रत्येक गटाच्या आत पाहायची. सगळे आकडे एकत्र करून नव्हे. नमुना बरा मोठा असेल तर टी-टेस्ट थोडी वाकडी वितरणं चालवून घेते. मान-व्हिटनी किंवा क्रुस्कल-वॉलिस लावताना एवढं लक्षात ठेवा, की त्या सरासरीची नव्हे, क्रमांकांची तुलना करतात.

टोकाच्या आकड्याचा परिणाम कधी अनपेक्षित असतो. झोपेच्या आकड्यांत नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास, इतरांहून कितीतरी मोठा. तो वगळला तर टी घटेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो ४.०६ वरून ५.६६ होतो, कारण त्या एकट्याने विखुरणं फुगवलेलं असतं.

अहवालात काय लिहायचं?

'पी ०.०५ पेक्षा कमी' एवढ्यावर थांबू नका. फरक किती आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा काय, ते लिहा: दुसऱ्या औषधाने झोप सरासरी १.५८ तास जास्त, मर्यादा ०.७० ते २.४६ तास. कोहेनचा डी द्यायचा तर द्या, पण ०.२, ०.५, ०.८ या मोजपट्ट्या खुद्द कोहेनने जपून वापरायला सांगितल्या आहेत. वाचणाऱ्याला तास कळतात, गुण कळतात; ते आधी द्या.